चुलीपुढचं पितळ: कोकणात जुनं घर हाती आलं की

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आंजर्ल्यातल्या आमच्या घराची निम्मी कौलं उडाली आणि माळा उघडा पडला. तिसऱ्या दिवशी शिडी लावून वर गेलो. गोणपाटात बांधून ठेवलेला आजीचा पाणी तापवायचा बंब, आंघोळीचं पाणी घ्यायची दोन घंगाळं, जाळ फुंकायची एक फुंकणी आणि पितळी कड्यांची लोखंडी शेगडी पावसात निथळत होती. महिन्याभरात त्यांच्यावर हिरवट-पांढरे पोपडे धरले. "मोडीत घाला" म्हणणारे पुष्कळ भेटले. यातलं काय कशाचं आणि ते पुन्हा कामाला कसं लावायचं, हे सांगणारी माणसं मात्र शोधत फिरावं लागलं.

आता वाटणीत मिळालेलं किंवा विकत घेतलेलं घर उघडायला मुंबई-पुण्याहून येणारी मंडळी मला अशा वस्तूंचे फोटो पाठवतात. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. चूल, न्हाणी आणि शेगडी यांच्याभोवतीच्या वस्तूंपुरतंच बोलेन. देवघरातल्या समया-निरांजनांचा विषय वेगळा आणि मोठा आहे.

आधी वाचा, मग घासा

जुनं भांडं दिसलं की प्रत्येकाचा हात पहिला चिंचेकडे जातो. तो आवरा. पहिले आठ दिवस फक्त कोरड्या फडक्याने धूळ पुसा आणि भांडं उजेडात फिरवून बघा. काठाखाली किंवा कडीजवळ बारीक ठिपक्यांनी घातलेलं नाव असतं. आमच्या मोठ्या घंगाळावर गावाचं नाव आणि "शके १८५१" एवढं वाचता येतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे हे १९२९ च्या सुमाराचं. लग्नात आलेल्या आहेरावर देणाऱ्याचं नाव असतं, मुंबईहून चाकरमान्याने आणलेल्या हंड्यावर कधी त्याच्या चाळीचंसुद्धा.

भांड्यावर "श्री देव" असं काही किंवा एखाद्या वाडीचं नाव निघालं, तर ते तुमच्या घराचं नाही असं धरून चाला. गावजेवणाची मोठी तपेली, पराती, झारे एखाद्या घरात ठेवायला दिलेले असत आणि पुढे तिथेच राहून जात. गावकीत विचारा आणि त्यांचं असेल तर परत द्या. नव्या माणसाला गावात उभं राहायला याहून चांगली सुरुवात मी पाहिलेली नाही.

दुसरं बघायचं ते मठार. हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी पत्र्यावर उठलेले बारीक गोल पैलू म्हणजे मठारकाम. ते शोभेचं दिसतं, पण त्याचं खरं काम पत्रा कडक करणं हे आहे. ठोकून ठोकून तांबं घट्ट होतं आणि पातळ पत्र्याचं मोठं भांडंही पाण्याच्या वजनाने पोचत नाही. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी या कामासाठी नावाजलेली आहे, आणि तिथल्या तांबटांचे पूर्वज पेशवाईच्या काळात कोकणातूनच वर गेले असं सांगतात. अशा भांड्याला बाजारातल्या यंत्रावर पॉलिश करून घेऊ नका. चकाकी येते, पण ठोक्यांच्या कडा गुळगुळीत होतात आणि नावाची टिंबं पुसली जातात. ती परत येत नाहीत.

कोणता धातू कुठे

लोहचुंबक लावा. चिकटला तर वर पितळेचा मुलामा आणि आत लोखंड. नाही चिकटला तर तळाला, न दिसणाऱ्या जागी, खिळ्याने केसाएवढी रेघ ओढा. आत लाल दिसलं तर तांबं, पिवळं दिसलं तर पितळ. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील. कासं टिचकीला लांब घुमतं आणि फरशीवर पडलं तर तडकतं, म्हणून ते आगीजवळ नकोच.

चुलीजवळच्या वस्तू बनवणाऱ्यांनी एक गोष्ट कायम पाळली आहे. जाळात लोखंड, पाण्याला तांबं, हाताला आणि डोळ्याला पितळ. पितळ तापलं की मऊ पडतं, जोरात तापलं तर त्यातलं जस्त सुटू लागतं. म्हणून चिमट्याचं टोक लोखंडाचं आणि शेगडीची कडी पितळेची. बंबाचं अंग तांब्याचं असेल तरी तोटी, पाय आणि कड्या पितळी असतात.

विलायतेत फायरप्लेसभोवती जे पितळ असे, त्याचीही रीत हीच. लाकडाचे ओंडके जमिनीपासून उचलून धरणाऱ्या जोडघोड्यांचा दर्शनी खांब पितळेचा, पण ओंडका ज्यावर टेकतो ती मागची दांडी लोखंडी. निखारे ढकलायची सळई, चिमटा, राखेचं फावडं यांना पितळी मुठी, पुढे लोखंड. निखारा गालिच्यावर घरंगळू नये म्हणून समोर ठेवायचं बुटकं कठडं, म्हणजे फेंडर, पितळेचं चालतं, कारण त्याला जाळ लागत नाही. एकोणिसाव्या शतकात असलं सामान बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून जगभर जाई. मुंबईच्या चोरबाजारात त्याचे सुटे तुकडे अजून दिसतात. आपल्याकडे फायरप्लेसची गरज नाही, पण कोळशाची पितळी बादली मिळाली तर बंबाशेजारी करवंट्या भरून ठेवायला ती फार देखणी दिसते. मुठीवरचा स्क्रू घट्ट आहे का तेवढं बघून घ्या.

बंब: पेटवण्याआधी

नव्या माणसाला सगळ्यात भुरळ पडते ती बंबाची, आणि सगळ्यात जास्त चुकाही त्यातच होतात.

बंब म्हणजे दोन भिंतींचं भांडं. मधून खालपासून वरच्या धुराड्यापर्यंत एक नळी जाते, तिच्यात जाळ. नळीभोवती पाणी. खाली जाळी आणि राख पडायला जागा, वर थंड पाणी ओतायचं नरसाळ्यासारखं तोंड, बाजूला तोटी. जाळ चारी बाजूंनी पाण्याने वेढलेला असल्यामुळे चार करवंट्यांत बादलीभर पाणी कढत होतं.

पहिली तपासणी अशी. बंब अंगणात कोरड्या चिऱ्यांवर उभा करा, काठोकाठ पाणी भरा आणि रात्रभर तसाच सोडा. सकाळी जिथे ओल दिसेल तिथे खडूने खूण करा. मग पाणी काढून मधल्या नळीत वरून बॅटरीचा झोत टाका आणि पाण्याच्या तोंडातून आत बघा. उजेडाचा ठिपका दिसला तर नळी भोकाडली आहे. ती बहुधा जाळीच्या जरा वर, जिथे जाळ थेट बसतो, तिथेच विरते. सांध्यातली गळती डाग देऊन, म्हणजे झाळून, बंद होते. नळीच विरली असेल तर ती बदलून घ्यावी लागते आणि ते काम तांबटाचंच. एम-सील लावून बघू नका. पहिल्या जाळात ते करपतं, आणि तांबटाला ते खरवडायलाच अर्धा दिवस लागतो.

तोटी जुन्या पद्धतीची, निमुळता खुंट फिरवायची असेल तर खुंट काढून पुसा, मेणबत्तीचं मेण हलकं चोळा आणि परत बसवा. बहुतेक तोट्यांची ठिबक एवढ्यानेच थांबते.

बंब: पेटवताना

आधी पाणी, मग जाळ. हा क्रम घरातल्या प्रत्येकाला, पाहुण्यांना, मुलांना सांगून ठेवा. सांधे ज्या कथील-शिशाच्या झाळेने जोडलेले असतात ती दोनशे अंशांच्या आतच वितळू लागते. आत पाणी असेल तोवर भिंत शंभर अंशांच्या आसपास राहते आणि सांध्याला काही होत नाही. पाणी संपलं की काही मिनिटांत सांधा सुटतो. आमच्याकडे पहिल्याच हिवाळ्यात घर पाहुण्यांनी भरलेलं असताना मी अर्धवट भरलेल्या बंबात जाळ वाढवत राहिलो. संध्याकाळी राख उपसताना तिच्यात चांदीच्या मण्यांसारखे गोल थेंब सापडले. बंबाची झाळ होती ती. दुरुस्तीला दोन महिने गेले, कारण जवळपास ते काम करणारं कोणी उरलेलं नव्हतं.

बंब न्हाणीच्या बंद खोलीत पेटवू नका. जुन्या न्हाण्या मागीलदारी, अर्ध्या उघड्या असत. आताच्या टाइल लावलेल्या, खिडकी लावून घेतलेल्या बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. कोळशाच्या शेगडीलाही हेच लागू. बाळंतिणीला शेक आणि ओवा-शेपांची धुरी देतानाही खोलीचं दार उघडं हवं.

भरून झालं की वरच्या तोंडावर झाकण घट्ट बसवू नका, वाफेला वाट राहू द्या. नळीत सुक्या झावळीची चूड आणि सोडणाचे, म्हणजे नारळाच्या सुक्या सालीचे, दोन तुकडे टाकून पेटवा. सोडण धुमसायला लागलं की करवंट्या. एका वेळी तीन-चार पुरतात, करवंटीची आच कडक असते. आमचा दोन बादल्यांचा बंब वीस-पंचवीस मिनिटांत होतो. एक बादली गरम काढली की लगेच एक बादली गार ओता. शेवटची आंघोळ झाल्यावरही निखारे विझेपर्यंत बंब भरलेला ठेवा. किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड फुकट मिळतं म्हणून बंबात घालू नका. ते मिठाने भरलेलं असतं आणि मधली नळी खाऊन टाकतं.

हे पाणी आंघोळीचं. जुन्या झाळेत शिसं असतं, त्यामुळे बंबाचं पाणी चहाला किंवा पिण्याला घ्यायचं नाही.

फुंकणी आणि बाकीचं

हातभर लांबीची पितळी नळी, तोंडाकडे जरा पसरट. वर्षानुवर्षं ओठ आणि हात लागून आमच्या फुंकणीचं तोंडाकडचं टोक इतकं गुळगुळीत झालं आहे की डोळे मिटूनही बाजू कळते. वापरण्याआधी तिच्यातून आरपार उजेड बघा. कुंभारमाशीला अशी नळी घर बांधायला आवडते, आणि आत मातीची भिंत हमखास सापडते. नारळाच्या हिरांची जुडी आतून फिरवली, कढत पाणी ओतलं की मोकळी होते. श्वास फुंकणीपासून तोंड बाजूला करून घ्यायचा आणि मग फुंकायचं. नळी तोंडात ठेवून श्वास ओढला तर राख थेट घशात. टोक निखाऱ्यापासून चार बोटं लांब राहू द्या.

सांडशी, चिमटा, तिवई ही लोखंडी मंडळी. त्यांना खोबरेल पुसून चुलीजवळच ठेवलं की गंज धरत नाही. त्यांच्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही.

कल्हई

ज्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात शिजवायचं आहे त्याला आतून कल्हई, म्हणजे कथलाचा पातळ थर, हवीच. नाही तर आंबट पदार्थ कळकतो. ताक, सोलकढी, चिंचेची आमटी यांना हिरवट झाक आणि जिभेला कडू चव आली तर ते ओतून द्या, पोटात मळमळ आणि उलट्या होतात. घंगाळाला आणि बंबाला कल्हईची गरज नाही.

काम बघण्यासारखं असतं. कल्हईवाला भाता चालवून कोळसे फुलवतो, भांडं तापवतो, नवसागराची पूड टाकतो. पांढरा धूर उठतो, तिखट वास नाकात शिरतो, आणि त्या क्षणी धातूवरचा मळ सुटून तो स्वच्छ होतो. मग कथलाची कांडी टेकवली की थेंब पाऱ्यासारखा पळतो आणि कापसाच्या बोळ्याने एका फेऱ्यात सगळं भांडं आतून पांढरं होतं. लगेच पाण्यात बुडवलं की संपलं. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं चुलीवर ठेवायचं नाही आणि त्यात तळण काढायचं नाही.

कांडी आधी हातात मागून घ्या. शुद्ध कथलाची बारीक कांडी कानाजवळ धरून वाकवली की कुरकुर असा आवाज येतो. शिशाची मुकाट वाकते, आणि कागदावर ओढली तर शिसपेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. आमच्याकडे एकदा दारावर आलेल्या एकाने स्वस्तात सहा भांडी करून दिली. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या फडक्याने आतून पुसलं तर फडकं काळं. सगळी कल्हई काढून नव्याने करावी लागली. तेव्हापासून कांडी वाकवून बघितल्याशिवाय मी भांडं पुढे करत नाही, आणि चांगल्या कल्हईवाल्याला त्याचा राग येत नाही.

घासणं आणि खारा वारा

किनाऱ्यापासून जितके जवळ राहाल तितकं हे प्रकरण महत्त्वाचं. घाटावर महिनाभर टिकणारी चकाकी इथे आठवड्यात जाते. काळपट-तपकिरी झालेलं पितळ मात्र खराब झालेलं नसतं. तो रंग धातूवरचं पांघरूण आहे, आणि शोभेच्या वस्तूवर तो राहू दिला तर मला तरी जास्त आवडतो.

काळजी करायची ती फिकट हिरव्या, पिठासारख्या ठिपक्यांची. ते हवेतल्या मिठाचं काम. ओल मिळाली की ते आतल्या आत पत्रा पोखरत राहतात. बांबूच्या अणकुचीदार काडीने ते पीठ खरवडून काढा, भांडं कढत पाण्याने दोन-तीनदा धुवा, उन्हात खडखडीत वाळवा. पुन्हा उगवले तर पुन्हा तेच.

रोजच्या वापराच्या भांड्याला आमसुलाचं पाणी किंवा चिंच, नंतर चाळलेली राख आणि सोडणाचा चुबका. झाडाला बिंबलं लागलेली असतील तर चिंचेचीही गरज नाही, फळ ठेचून चोळा. आंबट पदार्थ काही मिनिटांपुरताच लावायचा. रात्रभर चिंचेत बुडवून ठेवलेल्या पितळेवर सकाळी गुलाबी-लालसर डाग दिसतात. पितळेतलं जस्त निघून जाऊन उरलेलं तांबं असतं ते. असा डाग घासून जात नाही. पितांबरीसारखी पूड वापरली तरी चालते, फक्त नाव घातलेल्या भागावर जोर करू नका.

शेवटचं पाणी गोडं हवं. आमच्या समुद्राकडच्या विहिरीचं पाणी वैशाखात मचूळ होतं, त्याने धुतलेलं पितळ दोन दिवसांत डागाळतं. म्हणून पावसाळ्यात पागोळ्यांखाली हंडे लावून पाणी भरून ठेवतो आणि मोठ्या घासणीला शेवटचा हात त्याचा. धुतल्यावर वाऱ्यावर सोडायचं नाही. जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्याने लगेच कोरडं पुसायचं आणि तासभर उन्हात ठेवायचं. नुसत्या मांडून ठेवायच्या वस्तूला मधमाशीच्या मेणाचा पातळ हात द्या. तेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. जाळाजवळच्या वस्तूला लाखेचं किंवा वार्निशचं लेपण कधीच नको.

पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकलेली भांडी दसऱ्याला उघडा, सगळा हिरवा बाजार दिसेल. ओल आत कोंडते. सुती कापडात गुंडाळून फळीवर, चुलीच्या उबेच्या बाजूला ठेवा. किंवा सरळ वापरात ठेवा. आमच्या घरातल्या दोन घंगाळांपैकी रोज आंघोळीला भरतो त्याला चार वर्षांत एकही हिरवा ठिपका आलेला नाही. पाहुण्यांसाठी म्हणून झाकून ठेवलेल्याला दर श्रावणात येतो.

विकत घेताना

घरात काही मिळालं नाही तर जुन्या भांड्यांच्या दुकानात जा. दर मोडीच्या वजनावर सुरू होतो आणि कारागिरीचे पैसे वर चढतात. तळाची झीज, कडीच्या रिव्हिटा आणि कडीखालचा मळ बघा. खऱ्या वापरातल्या भांड्याची झीज हात लागतो तिथेच असते. मुद्दाम काळं केलेलं भांडं सगळीकडे सारखं काळं. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली पुरावशेषात मोडू शकते आणि तशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या भावाला आजीची वस्तू द्यायची असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा लागतो.

मांडणी

घंगाळ ओटीवर ठेवून त्यात पाणी आणि अनंताची फुलं सोडलेली आता पुष्कळ ठिकाणी दिसतात. छान दिसतं, पाणी फक्त रोज बदला, नाही तर पाण्याच्या रेषेवर कायमचं वर्तुळ पडतं. फुंकणी आणि चिमटा चुलीशेजारच्या भिंतीला खुंटीवर, हाताच्या उंचीवर. बंबाला दिवाणखान्यात आणून वर दिवा बसवण्याची फॅशन आली आहे. त्यासाठी मधल्या नळीत भोक पाडतात आणि बंब कायमचा बाद होतो. चांगला बंब असा वाया घालवू नका. नळी विरलेला आणि दुरुस्त न होणारा असेल तरच.

बंबाची शोभा बघायची तर नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी. त्या दिवशी न्हाणी सारवतात, पाणी भरतात, बंब आणि घंगाळ लख्ख घासून त्यांना झेंडूची माळ आणि कारिटाचा वेल गुंडाळतात, पुढे रांगोळी आणि पणती. पहाटे अंधारात जाळ पेटला की तांब्यावर त्याचा लाल उजेड हलत राहतो. माळ तोटीच्या पातळीला बांधा, धुराड्याच्या तोंडापासून हातभर खाली. आणि वेल आदल्या दिवशीच तोडलेला, ओला असू द्या. सुकलेला कारिटाचा वेल ठिणगी लागताच पेट घेतो.